मदत कोणाला, बदनामी कोणाची?



इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला मुले कधी कधी असा प्रश्न विचारतात की, त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते आणि मास्तरापाशीही नसते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात मी अब्राहम लिंकन आणि अमेरिकेतील गुलामगिरीचा अंत यांविषयी सांगत होतो. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पण आता तर तिकडे काळ्या लोकांना सरकार बसून खायला घालते ना? गोरे कर भरतात आणि हे खातात, असे म्हणतात."

"असे कोण म्हणतात?" मी विचारले.

"सगळेच म्हणतात, सर. सिनेमातसुद्धा दाखवतात."

एवढ्यात घंटा झाली. खडू ठेवता ठेवता मी म्हणालो, "हो, तिथे गरिबांना मदत देतात. त्यात त्यांचीच संख्या जास्त असणार." वर्ग सुटला.

तो "असणार" हा शब्द मला त्या रात्री बोचत राहिला. इतिहासाच्या शिक्षकाने "होते" म्हणावे, "नव्हते" म्हणावे, पुरावा नसेल तर गप्प बसावे. "असणार" म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. मग मिळतील ती पुस्तके आणि अहवाल चाळले आणि ध्यानात आले की, मी मुलांना चुकीचे सांगितले होते. पुढच्या आठवड्यात वर्गात तशी कबुली दिली. त्या कबुलीचाच विस्तार म्हणजे हा लेख होय.

अमेरिकेतील या लोकांशी मराठी वाचकाचे नाते तसे जुने आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी दाखवलेल्या औदार्याबद्दल. तेव्हा त्या मुक्त झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे जाणून घेणे आपल्याला अगदीच परके नाही.

प्रथम थोडे गणित

विद्यार्थी मित्रांनो, इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक साधे उदाहरण सोडवू या. समजा, एका शाळेत 'अ' तुकडीत ६० मुले आहेत आणि त्यांतील ६ नापास झाली. 'ब' तुकडीत १० मुले आहेत आणि त्यांतील २ नापास झाली. आता सांगा, नापास मुलांत कोणाची संख्या जास्त? 'अ' तुकडीची. नापास होण्याचे प्रमाण कोणाचे जास्त? 'ब' तुकडीचे, कारण 'अ' मध्ये शंभरी दहा आणि 'ब' मध्ये शंभरी वीस. दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. जो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवतो तो स्वतः फसतो आणि इतरांनाही फसवतो.

अमेरिकेतील गरिबीचे चित्र असेच आहे. २०२२ सालच्या सरकारी आकड्यांनुसार तेथे शंभर गोऱ्यांमागे साधारण ८ ते ९ जण दारिद्र्यरेषेखाली होते, तर शंभर कृष्णवर्णीयांमागे १७. म्हणजे प्रमाण दुप्पट. परंतु गोऱ्यांची लोकसंख्याच मोठी असल्यामुळे प्रत्यक्ष डोकी मोजली, तर गरीब गोरे १ कोटी ६० लाखांहून अधिक आणि गरीब कृष्णवर्णीय सुमारे ७६ लाख भरतात.

मदतीचेही तेच. गरिबांना अन्न खरेदीसाठी दिली जाणारी 'फूड स्टॅम्प' नावाची योजना तेथे आहे. २००८ पासून तिचे सरकारी नाव बदलून 'स्नॅप' झाले. पूर्वी कुपने मिळत, आता कार्ड मिळते. २०२३ साली दरमहा सरासरी सुमारे ४ कोटी २० लाख माणसे या योजनेचा लाभ घेत होती. त्यांत गोरे शेकडा ३५ च्या वर, कृष्णवर्णीय शेकडा सुमारे २६ आणि हिस्पॅनिक शेकडा सुमारे १६ होते. बऱ्याच जणांचा वंश नोंदलेलाच नव्हता. दर दहा लाभार्थ्यांपैकी चार जण तर लहान मुले होती! "बसून खातात" असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, त्यांपैकी कितीतरी जण अजून बालवाडीत जाणारे आहेत, ही गोष्ट बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

मग प्रश्न उरतो तो असा की, आकडे असे असताना लोकांच्या मनात चित्र वेगळे का? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मात्र इतिहासातच सापडते.

गुलामगिरी संपली आणि बदनामी सुरू झाली

१८६५ साली यादवी युद्ध संपले. सुमारे चाळीस लक्ष माणसे गुलामीतून मोकळी झाली, पण त्यांच्यापाशी ना जमीन, ना घर, ना अक्षरओळख. त्यांच्यासाठी सरकारने एक खाते काढले. ते 'फ्रीडमेन्स ब्यूरो' म्हणून ओळखले जाते. त्याच्या पूर्ण नावात आधी 'निर्वासित' आणि मग 'मुक्त झालेले गुलाम' असे शब्द होते. हे निर्वासित म्हणजे मुख्यतः युद्धाने देशोधडीला लागलेले गरीब गोरे. या खात्याने वाटलेल्या सुमारे २ कोटी १० लाख शिध्यांपैकी लक्षावधी शिधे गोऱ्यांच्याच पदरात पडले.

तरीही पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, पेन्सिल्वेनिया राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत एक भित्तिपत्रक निघाले. त्यात एक कृष्णवर्णीय माणूस ऐसपैस लोळत पडला आहे आणि गोरी माणसे घाम गाळून नांगर धरीत आहेत, लाकडे फोडीत आहेत, असे चित्र होते. गोऱ्यांच्या पैशावर काळ्यांना आळशी ठेवण्यासाठी हे खाते काढले आहे, अशा अर्थाचा मजकूर वर छापला होता. ते पत्रक काढणाऱ्या पक्षाचा उमेदवार पडला, पण चित्र मात्र पडले नाही. ते दीडशे वर्षे टिकले. अडीचशे वर्षे ज्यांनी बिनमजुरीने दुसऱ्यांची शेते पिकवली, त्यांना मोकळे होऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच 'आळशी' ही पदवी मिळाली!

त्याच काळात खरी मोठी सरकारी मदत कोणाला मिळाली, तेही पाहा. १८६२ साली लिंकन यांनीच सही केलेल्या 'होमस्टेड' कायद्याने कोणाही पात्र कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कात मिळू लागली. अट एवढीच की, पाच वर्षे तेथे राहून ती कसावी. या कायद्याखाली पुढील काळात सुमारे १६ लाख लोकांना मिळून २७ कोटी एकर जमीन मिळाली. ते बहुतांश गोरे होते. ही जमीन ज्या मूळ रहिवाशांची होती, त्यांची कथा तर याहूनही दुःखद आहे, पण तो स्वतंत्र विषय होईल.

इकडे दक्षिणेत जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांच्या हुकुमाने मुक्त गुलामांना चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे देण्यास सुरुवात झाली होती. सुमारे ४०,००० माणसे त्या जमिनीवर वसलीही. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो निर्णय फिरवला आणि बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. एकाला १६० एकर मिळाले, दुसऱ्याचे ४० एकर काढून घेतले; आणि 'फुकटखाऊ' हे नाव पडले ते दुसऱ्याला.

विधवांची मदत आणि चाळणीतील भोके

विसाव्या शतकाच्या आरंभी निराधार मातांना मुलांच्या पालनपोषणासाठी मासिक रक्कम देण्याची प्रथा सुरू झाली. असा राज्यव्यापी कायदा प्रथम १९११ साली इलिनॉय राज्याने केला आणि हळूहळू बहुतेक राज्यांनी तो उचलला. तेव्हा या मदतीला कोणी नावे ठेवीत नसे. उलट, आई घरी राहून मुले वाढवते हे देशकार्यच मानले जाई. ही मदत कोणाला मिळत होती? १९३१ च्या एका सरकारी पाहणीत, ज्यांचा वंश नोंदला होता अशा लाभार्थी कुटुंबांपैकी शेकडा ९६ गोरी आढळली! कृष्णवर्णीय माता कमी गरीब होत्या असे मुळीच नाही. त्यांचे अर्ज दारातूनच परत जात असत.

पुढे महामंदी आली आणि १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. हा कायदा आजही अमेरिकेच्या कल्याणकारी व्यवस्थेचा पाया आहे. त्यात वृद्धांसाठी विमा होता, बेकारांसाठी तरतूद होती आणि निराधार मुलांसाठी मदत होती. परंतु वार्धक्य विम्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते. कृष्णवर्णीय कामगारांपैकी शेकडा सुमारे ६५ जण याच दोन कामांत होते. त्यांचे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना या कायद्याला चाळणीची उपमा दिली होती. तिची भोके नेमकी एवढी की, बहुतेक कृष्णवर्णीय खाली गळून पडावेत. या वगळण्यामागचा हेतू काय होता, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे आणि वगळलेल्यांत लाखो गरीब गोरेही होते. पण परिणाम कोणाला अधिक भोगावा लागला, याविषयी वाद नाही. ही उणीव १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी बव्हंशी दूर झाली.

निराधार मुलांच्या मदतीचे काम राज्यांकडे होते. तेथे स्थानिक कारकुनाची आणि गावातील बड्या जमीनदाराची मर्जी चाले. १९४३ साली लुईझियाना राज्याने नियम केला की, कापूस वेचणीच्या हंगामात शेतावर हात हवे असतील, तर आईची मदत बंद! १९६० साली त्याच राज्याने घर 'योग्य' नाही असे कारण दाखवून सुमारे २३,००० मुलांची नावे यादीतून काढली. ती मुले बहुतेक सगळी कृष्णवर्णीय होती. म्हणजे ज्या मदतीवर यांचाच कब्जा आहे असे पुढे सांगितले गेले, त्या मदतीच्या दारात त्यांना कित्येक दशके उभेही राहू दिले जात नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे उदाहरण तर बोलके आहे. १९४४ च्या कायद्याने परत आलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी पैसा आणि घर, शेती, धंदा यांसाठी सरकारी हमीचे कर्ज मिळणार होते. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. परंतु कर्ज द्यायचे होते गावच्या बँकेने. मिसिसिपी राज्यातील शहरांच्या १९४७ मधील पाहणीत अशी ३,२२९ कर्जे मोजली गेली. त्यांतील कृष्णवर्णीय सैनिकांना किती मिळाली असतील? दोन! लक्षावधी गोऱ्या कुटुंबांची घरे याच सरकारी हमीवर उभी राहिली. ती घरे मुलांना वारशाने मिळाली, त्यांवर पुढे मुलांची शिक्षणे झाली. त्या नातवंडांना आज आजोबांचे कष्ट आठवतात, ते खरेच आहेत. पण आजोबांना मिळालेली सरकारची हमी आठवत नाही.

चेहरा कसा बदलला?

वाचकहो, १९६० च्या सुमारास अमेरिकेत 'गरीब' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे गोरा माणूस येत असे. २९ मे १९६१ रोजी फूड स्टॅम्पचा नवा प्रयोग सुरू झाला, तेव्हा पहिली कुपने घेणारे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील डोंगराळ कोळसा-पट्ट्यातील होते. बेकार खाणकामगार, घरात पंधरा माणसे, वर्णाने गोरे. ८ जानेवारी १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी 'गरिबीविरुद्ध युद्ध' पुकारले (हे लिंडन जॉन्सन, आधीचे ते अँड्र्यू जॉन्सन). त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते केंटकी राज्यात गेले आणि एका गोऱ्या गरीब कुटुंबाच्या ओसरीवर बसले. ते छायाचित्र देशभर छापले गेले.

नंतर दोन गोष्टी घडल्या. समान हक्कांची चळवळ आणि न्यायालयांचे निकाल यांमुळे इतकी वर्षे अडवलेल्या मातांना मदतीचे दार उघडले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने अलाबामा राज्याचा जाचक नियम रद्द केला. निराधार मुलांच्या योजनेतील लाभार्थी १९६० मध्ये सुमारे ३० लाख होते, ते १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत १ कोटी १० लाखांच्या घरात गेले. दुसरीकडे १९६५ पासून मोठ्या शहरांतील कृष्णवर्णीय वस्त्यांत दंगली उसळल्या आणि वृत्तपत्रांचे कॅमेरे तिकडे वळले.

मार्टिन गिलेन्स नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने फार चिकाटीचे काम केले. त्यांनी १९५० ते १९९२ या काळातील तीन प्रमुख अमेरिकन साप्ताहिकांतील गरिबीविषयक लेखांसोबतची छायाचित्रे मोजली. १९६४ साली त्यांतील शेकडा २७ गरीब कृष्णवर्णीय होते. तीनच वर्षांनी, १९६७ साली, ते शेकडा ७२ झाले! या तीन वर्षांत देशातील गरिबांची घडण बदलली होती काय? मुळीच नाही. गरिबांत कृष्णवर्णीयांचा वाटा आधीही शंभरात तीसच्या आसपास होता आणि नंतरही तेवढाच राहिला. बदलला तो कॅमेरा. आणखी एक बाब त्यांना आढळली. लेख सहानुभूतीचा असला, वृद्ध गरिबांविषयी असला, किंवा मंदीत नोकरी गेलेल्यांविषयी असला, की चित्रातला चेहरा गोरा होई. लेख आळस आणि गैरव्यवहार यांवर असला, की चेहरा काळा. वर्षानुवर्षे अशी चित्रे पाहून १९९१ च्या एका पाहणीत लोकांनी अंदाज दिला की, देशातील निम्मे गरीब कृष्णवर्णीय आहेत. खरा आकडा शेकडा २९ होता.

शिकागोची ती बाई

१९७६ साली रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी फिरत होते. भाषणांत ते शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत. तिने ८० नावे घेतली, ३० पत्ते दिले आणि वर्षाला दीड लाख डॉलर सरकारकडून उकळले, असे ते म्हणत. वर्तमानपत्रांनी अशा बाईला आधीच 'वेल्फेअर क्वीन', म्हणजे सरकारी मदतीवर राज्य करणारी राणी, असे नाव दिले होते. रेगन यांनी तिचा वर्ण कधी सांगितला नाही. सांगण्याची गरजच नव्हती. ऐकणाऱ्याच्या मनात चित्र तयार होते.

ती बाई काल्पनिक नव्हती आणि ती निर्दोषही नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु १९७७ मध्ये न्यायालयात सिद्ध झाले ते एवढेच की, तिने खोट्या नावांनी २३ धनादेश घेतले. रक्कम नऊ हजार डॉलरच्या आतली. आणि गंमत पाहा, १९३० च्या जनगणनेत तिच्या नावापुढे वर्ण 'गोरा' असा नोंदला होता! अशा एका विलक्षण ठकबाईच्या माथ्यावरचे पाप लाखो साध्यासुध्या मातांच्या माथी मारले गेले.

ठकबाजी कोठे असते, याचे एक अलीकडचे उदाहरण देतो. मिसिसिपी राज्यात गरीब कुटुंबांसाठी आलेल्या निधीतून ७ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक रकमेचा दुरुपयोग झाल्याचे हिशेब तपासणीत उघड झाले. २०२० पासून या प्रकरणात अटका झाल्या. त्या पैशांतले ५० लाख डॉलर एका विद्यापीठातील व्हॉलीबॉलच्या सभागृहाकडे वळवले होते. कल्याण खात्याच्या माजी संचालकाने २०२२ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याच राज्यात तीन माणसांच्या गरीब कुटुंबाला २०२१ पर्यंत महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत होते. या संचालकाला मात्र कोणी 'राजा' ही पदवी दिल्याचे ऐकिवात नाही.

तोटा शेवटी कोणाचा?

गैरसमज मनात राहिला तर फार बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु गैरसमजातून मते पडतात आणि मतांतून कायदे होतात. निराधार मुलांची योजना खर्चाच्या मानाने केंद्रीय अंदाजपत्रकाच्या शेकडा एकच्या आसपास होती. १९९४ साली तिच्या शंभर कुटुंबांपैकी सुमारे ३७ गोरी, ३६ कृष्णवर्णीय आणि २० हिस्पॅनिक होती. तरी ती 'त्यांची' योजना म्हणून बदनाम झाली आणि २२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने बंद झाली. तिच्या जागी आलेल्या योजनेत केंद्राच्या पैशातून मदत घेण्यास आयुष्यभरात मिळून पाच वर्षांची मर्यादा घातली गेली. त्यानंतर अनेक माता कामाला लागल्या, ही गोष्ट खरी. पण १९९६ साली मुले असलेल्या शंभर गरीब कुटुंबांमागे ६८ कुटुंबांना रोख मदत मिळत होती, ती २०२० साली २१ कुटुंबांना मिळाली. ज्यांची मदत गेली त्यांत डोंगरातल्या त्या गोऱ्या खाणकामगारांची नातवंडेही आली. शेजाऱ्याचे ताट काढायचे म्हणून पंगतच मोडली, त्यात आपलेही पान गेले, असा हा प्रकार झाला.

आणि मदत घेणारा कोण, हे तरी घेणाऱ्याला ठाऊक असते काय? २००८ साली सुझॅन मेटलर या अभ्यासिकेने लोकांना विचारले, "तुम्ही कधी सरकारी योजनेचा लाभ घेतला आहे काय?" गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्यांपैकी शेकडा ६० जणांनी उत्तर दिले, "कधीच नाही." सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांपैकी शेकडा ४४ जणांनीही "नाही" म्हटले! फूड स्टॅम्प घेणाऱ्यांत मात्र "नाही" म्हणणारे शेकडा २५ च होते. बंगल्यावरच्या सवलतीला 'सवलत' म्हणतात आणि झोपडीतल्या भाकरीला 'खैरात'. शब्द बदलला की घेणाऱ्याची मानही बदलते. एकाची ताठ राहते, दुसऱ्याची खाली जाते.

पालकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी

एवढी दूरदेशीची कथा या स्मरणिकेत कशाला, असे आपण विचाराल. सांगतो.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका हुशार मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. गुण होते, उत्पन्नाचा दाखला निघत होता, सगळे नियमात बसत होते. मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावले. ते बेकरीत रात्रपाळी करतात. डोळे तांबारलेले, हातात टोपी. माझे ऐकून घेतले आणि म्हणाले, "राहू द्या सर. अर्ज केला की लोक म्हणतात, यांना सगळे फुकटच लागते. चार घास कमी खाऊ, पण ते ऐकायला नको." मी दोन वेळा समजावले. मुदत संपली. अर्ज भरला गेला नाही.

त्या दिवशी मला जाणवले की, बदनामीचे खरे काम हेच आहे. ती हक्काच्या दारावर पहारेकऱ्यासारखी बसते. कायदा दार उघडे ठेवतो आणि माणूस लाजेने परत जातो. पालक हो, नियमात बसणारी मदत घेणे यात लाजिरवाणे काही नाही. तुम्ही काड्याची पेटी घेता तेव्हाही कर भरता. खोटा दाखला देणे ही लाजेची गोष्ट आहे; खरा दाखला देऊन मुलाला शिकवणे ही अभिमानाची.

आता दुसरी बाजू. आपल्याही ओसरीवर, चहाच्या टपरीवर, कधी शिक्षकांच्या खोलीतसुद्धा दुसऱ्या कोणाविषयी असेच बोलले जाते. अमक्या जातीला सगळे मिळते, तमके बाहेरून येऊन रेशन खातात, असे आपणही मान डोलावून ऐकतो. जे बोल आपल्याला लागतात, तेच दुसऱ्याला लावताना जीभ अडखळली पाहिजे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कोणीही म्हणाले की, "सगळे तेच घेतात," तर रागावू नका आणि मानही डोलावू नका. शांतपणे तीन प्रश्न विचारा. किती? कितीपैकी? आणि कोणी मोजले? उत्तर मिळाले तर वहीत लिहून ठेवा. नाही मिळाले, तर ती ऐकीव गोष्ट समजून तिथेच सोडून द्या.

माझ्या वर्गातील त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे मी आभार मानतो. त्याने प्रश्न विचारला म्हणून मास्तरचा एक धडा पक्का झाला. राहिला तो बेकरीवाल्या गृहस्थांच्या मुलाचा अर्ज. या वर्षीची मुदत अजून संपलेली नाही. हा अंक छापून आला की, पहिली प्रत मी त्यांच्या घरी नेऊन देणार आहे. सोबत कोरा अर्जही नेणार आहे.